एक शीट जादा

गंगापूर रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपने ज्यांनी कधी प्रवास केला असेल, त्यांना कडूबाचा चेहरा आठवणार नाही, आवाज मात्र नक्की आठवेल. "सरका, सरका! अजून एक शीट बसतंय!" जीपवाल्यांच्या बोलीत माणूस म्हणजे शीट. बाबा पेट्रोल पंपापाशी गाडी भरली की बाकीचे ड्रायव्हर निघायचे. कडूबा निघायचा नाही, कारण गाडी भरली हे त्याला कधी पटतच नसे. ढोरेगावच्या फाट्यावर कडेवर पोर घेतलेली एखादी बाई दिसली की याचा पाय ब्रेकवर गेलाच. आतली माणसं शिव्या घालत, एकमेकांच्या मांड्यांवर बसत, पण घरी पोचत. रस्त्यावर कुणाला सोडायचं नाही, हा त्याचा धर्म होता.

तीस वर्षांत त्याच्या गाडीतून कुणी पडलं नाही. हे निव्वळ नशीब होतं. कडूबा मात्र त्याला स्वतःची अक्कल समजत आला, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

मूळचा तो देवगाव रंगारीचा. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने याचं नाव कडूबा ठेवलं. यमाला कडू लागावा, त्याने थुंकून टाकावा एवढाच हेतू. कडूबा याचीही फुशारकी मारायचा. "आपल्या वाटंला मरण येत नाय," असं म्हणून जोरात हसायचा. आवडाबाई, म्हणजे त्याची बायको, असलं बोलणं ऐकलं की भिंतीवरच्या देवाकडे बघून हात जोडायची.

एका डोळ्याने दगा दिला तेव्हा त्याने जीप विकली आणि पुंडलिकनगरातल्या आपल्या घरात बसून राहिला. खाली दोन खोल्या, वर एक. वरची खोली श्रेयाची. श्रेया ही उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत ती दोनदा नापास झाली आणि वरच्या खोलीचं दार लावून बसली. वर्षभर. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि अर्धं उचलून आणायचं. मावश्या आल्या, काका आले, कुणी अंगारा आणला, आणि प्रत्येक जण दाराबाहेर उभं राहून एकच सांगून गेला: सगळं चांगलं होईल. एका संध्याकाळी आतून तिने विचारलं, "बाबा, मी बरी होईन का?" कडूबा जिन्यात बसला होता. तो म्हणाला, "मला नाय म्हाईत, माय. मी हितं बसलोय, एवढंच म्हाईत हाय."

पुढे बरी झाल्यावर ती सांगायची, त्या वर्षात माझ्याशी खोटं न बोललेला माणूस एकच. तिला तपासणारे डॉक्टर काही बोलले तरी ती वळून बापाकडे बघायची. बापाने मान हलवली तरच ते खरं. एवढी मोठी ठेव कडूबाकडे होती आणि ती किती मोठी आहे हेही त्याला ठाऊक होतं.

तिला खोलीबाहेर काढलं ते मात्र माणसांनी नव्हे, लेपर्ड गेकोंनी. ही परदेशी पाल. पिवळी, ठिपक्यांची, डोळे मिटणारी, भिंतीवर न चढणारी आणि शेपूट चांगली बोटाएवढी जाड. त्या शेपटीत चरबी साठते. शेपूट जाड तर जनावर धडधाकट. आधी तिने एक मागवली, मग आणखी दोन. राई, बुंदी आणि मिरी, तिन्ही माद्या, एका लांबट काचपेटीत एकत्र वाढल्या. दिवेलागणीला त्यांना अळ्या घालायला श्रेया उठू लागली, मग अंघोळ करू लागली, मग खाली येऊन जेवू लागली. आवडाबाईने पहिल्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला होता. महिनाभराने तीच काचेवर टिचकी मारून "जेवल्या का गं बायांनो" असं विचारायला लागली.

गेल्या दिवाळीनंतर श्रेया पुण्याला प्रयोगशाळेच्या कामाचं शिक्षण घ्यायला गेली. होस्टेलवर पाली चालत नाहीत. तिने बापाला सगळं शिकवलं, अळ्यांवर पावडर कशी भुरभुरायची, पेटीखालची उबेची गादी कधी लावायची, कोपरा कसा पुसायचा. या तिघी शी करायला रोज एकाच कोपऱ्यात जातात, याचं कडूबाला भारी कौतुक. "माणसापरीस शिस्त हाय," असं तो गल्लीत सांगत फिरायचा. त्या कोपऱ्यानेच पुढे घात केला.

अळ्या आणायला तो शोभेच्या माशांच्या एका दुकानात जायचा. दुकान अल्तमश नावाचा तरुण चालवायचा. एकदा काउंटरच्या मागे, बिस्किटांच्या बरणीएवढ्या डब्यात, कडूबाला एक गेको दिसली. अंगाला चिकटलेली कातडी, शेपूट काडीसारखी. कुणी बदली होऊन चाललेला माणूस ती ठेवून गेला होता.

"ले जाओ काका, तुम्हीच सांभाळाल," अल्तमश म्हणाला. "पर अलगच रखना हां. पुराने वालों में नक्को डालो."

म्हणजे सांगणाऱ्याने सांगितलं होतं. श्रेयाने तर फोनवर तीनतीनदा सांगितलं. "बाबा, वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्यांना खाऊ घाला, मग हात धुवून तिला. तिचं काही यांना लागू देऊ नका. तीन महिने तरी. प्रॉमिस?"

"दिला शब्द," कडूबा म्हणाला.

नवीन आलेलीचं नाव त्याने पाव्हणी ठेवलं आणि तिचा प्लॅस्टिकचा डबा खाली स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाला ठेवला. पहिले काही दिवस हात धुणं-बिणं अगदी नेमाने झालं. तोवर डिसेंबर लागला आणि थंडीने शहराला चांगलंच धरलं. उबेची गादी एकच, ती वर. पाव्हणी डब्याच्या कोपऱ्यात अंग चोरून पडलेली. अळी पुढे धरली तरी तोंड फिरवायची. कडूबा स्टूल घेऊन तिच्यापुढे बसायचा आणि त्याच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. दुसरी गादी मागवता आली असती. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवता आली असती. पण तीस वर्षं ज्या माणसाने एकच तोडगा वापरला, त्याला दुसरा सुचत नाही. वर जागा आहे, ऊब आहे, तिघी आहेत. त्यांनी जरा सरकून घ्यायचं, बस्स.

एका संध्याकाळी त्याने पाव्हणीला ओंजळीत घेतलं आणि जिना चढला.

आवडाबाई खालून ओरडली, "अवं, पोरीला शब्द दिलाय तुमी! एक नासका आंबा आख्खी आढी नासवतो."

"आंबा नाय, जीव हाय त्यो," कडूबा वरून म्हणाला. आणि काचेचं झाकण उघडून, सवयीने, हलक्या आवाजात बोलला, "सरका गं, अजून एक बसतंय."

तिघी खरंच सरकल्या. राईने मान वर करून पाहिलं, मिरी दगडाआड गेली. पाव्हणी उबेवर जाऊन पोट टेकून पडली आणि तिने डोळे मिटले. कडूबाला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री पाव्हणीने पहिल्यांदा अळी खाल्ली. सकाळी तीही शिस्तीत त्याच कोपऱ्यात जाऊन आली. कडूबा आवडाबाईला म्हणाला, "बघ, शिकली." आवडाबाईला ते काही बरं दिसलं नव्हतं.

श्रेयाने फोटो मागितला तेव्हा कडूबाने पाव्हणीला परत डब्यात घातलं, डबा ओट्यावर ठेवला, फोटो काढला, पाठवला आणि तिला वर नेऊन सोडलं. आपण खोटं बोललो असं त्याला वाटलंच नाही. पोरीला उगाच घोर कशाला, असं त्याने मनाशी म्हटलं. मग दर आठवड्याला एक फोटो. डबा, ओटा, मागे फडकं. हे काम तो इतक्या निगुतीने करू लागला की आवडाबाईला त्याची भीती वाटायला लागली. हा माणूस गाडी जादा भरायचा, पण विचारलं तर सरळ सांगायचा, "व्हय, भरलीय." लपवणं ही गोष्ट त्याच्या अंगात नवीन आली होती.

संक्रांतीच्या आधी राईने अळी सोडली. असं होतं कधी कधी, थंडी असते. मग तिने खाल्लेलं ओकून टाकलं. मग तिची शेपूट. मनात पाल चुकचुकली असं म्हणावं तर या पाली चुकचुकतही नाहीत. आजारी पडल्या तरी आवाज करत नाहीत. त्या फक्त बारीक होत जातात. रोज दिवेलागणीला कडूबा चष्मा लावून काचेला नाक टेकायचा आणि राईची शेपूट कालच्याहून बारीक दिसायची. पाव्हणीची मात्र दिवसेंदिवस भरत चालली होती.

आता तरी पाव्हणीला बाहेर काढायचं की नाही? पण काढलं तर आपण चुकलो हे स्वतःच्या हाताने कबूल करावं लागलं असतं. त्याने काढलं नाही.

राई गेली. फोनवर तो म्हणाला, "थंडीनं गेली, माय. लई कडाका व्हता." श्रेया रडली. खूप रडली. मग नाक ओढत म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असेल, बाबा." तिने शंका घेतली असती, चार शब्द सुनावले असते तर तो बोलून मोकळा झाला असता. तिने विश्वास ठेवला.

आठवडाभरात बुंदी ओकली. आता आवडाबाईने नवऱ्याला जवळजवळ ढकलतच रिक्षात बसवलं. पक्षी, ससे असलं सगळं बघणाऱ्या संध्या नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी बुंदीला तळहातावर घेतलं, पोट चाचपलं आणि विचारलं, "नवीन कुणी आणलंय का यांच्यात?"

आवडाबाई नवऱ्याकडे बघत होती.

"आणलंय," कडूबा म्हणाला. "पण वेगळं हाय. खाली, डब्यात."

"मग ठीक. जंताचं औषध देते. नवीन जनावर आत असतं तर मी तिघींना तीन ठिकाणी ठेवायला सांगितलं असतं, आजच्या आज."

बाहेर पायरीवर आवडाबाई थांबली. "डाक्टरीनबाईला तरी खरं सांगायचं व्हतं," ती म्हणाली. कडूबाने रिक्षाला हात केला. मला विचाराल तर त्याचा खरा गुन्हा हा. पाव्हणीला वर नेलं ती माया होती, वेडी का होईना. हे मात्र निव्वळ स्वतःचं तोंड वाचवणं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याने मिरीला त्या पेटीत राहू दिलं.

बुंदी गेली तेव्हा कडूबाने फोन लावला आणि सगळं सांगितलं. डबा, फोटो, डॉक्टर, सगळं. पलीकडून श्रेयाने एवढंच विचारलं, "मिरी?"

"जेवंना झालीय."

ती पहिल्या बसने निघाली. घरात आली, चप्पल काढून सरळ वर गेली. मिरीला तिने मांडीवर फडक्यात घेतलं, थेंबाथेंबाने पाणी पाजलं, डॉक्टरांकडे नेलं, तिच्या आणि पाव्हणीच्या शीचे नमुने पुण्याला धाडले. उत्तर येईपर्यंत मिरी राहिली नाही. उत्तर आलं, दोघींच्या नमुन्यांत एकच निघालं. आतड्यातला जंतू, शीतून पसरणारा. काही जनावरं त्याने झिजून मरतात, काही तो पोटात घेऊन मजेत जगतात, आणि खात्रीचं औषध नाही. "हिला मारायची गरज नाही," संध्या डॉक्टर म्हणाल्या, "पण आता ही कायम एकटी. दुसऱ्या कुणाबरोबर ठेवायची नाही, कुणाला द्यायची नाही. कधीच."

कडूबा ते ऐकून खाली बसला. सगळ्या आयुष्यात त्याने असं कुणाला रस्त्यावर सोडलं नव्हतं.

श्रेया ओरडली नाही. कडूबाने वाट बघितली. तिने शिव्या द्याव्यात, भांडी आपटावीत, निदान दार लावून घ्यावं. ती आईजवळ बसून भाजी निवडत राहिली, वेळेवर जेवली, वरची पेटी उकळत्या पाण्याने धुऊन तिने गच्चीत उन्हात ठेवली. निघायच्या दिवशी ती बापाच्या पाया पडली. फक्त एवढंच म्हणाली, "राईने अळी सोडली त्या दिवशी सांगितलं असतं, बाबा, तर दोघी राहिल्या असत्या कदाचित. रात्री बारा वाजता सांगितलं असतं, तीन वाजता सांगितलं असतं, कधीही."

"पोरी, पुन्हा न्हाई व्हणार असं."

"हो," ती म्हणाली. तो "हो" तिने दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या मावश्यांना म्हणायची तसा म्हटला.

आता पाव्हणी वरच्या खोलीत एकटी असते. शेपूट अंगठ्याएवढी झाली आहे. कडूबा तिला खाऊ घालतो, हात धुतो, खाली येतो. गल्लीत कुणी विचारलं तर पालींचा विषय काढत नाही. श्रेयाचा फोन दर रविवारी येतो, तिचं पुण्याचं काम चांगलं चाललंय, आवाजही चांगला असतो, आणि आवडाबाईला त्याचं समाधान आहे. कडूबाला समाधान नाही. तो फोन उचलायला सगळ्यांत आधी धावतो, आणि उचलल्यावर जेवलीस का एवढंच विचारतो.

परवा त्याला ताप होता. खोकला छातीत बसलेला. फोन वाजला तेव्हा त्याने घसा साफ केला.

"बाबा, कसे आहात?"

"बरा हाय, माय. एकदम बरा."

पलीकडे होस्टेलचा वाहता नळ बंद झाला.

"आईला द्या फोन," श्रेया म्हणाली.