पायथ्याची दोरी

मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पॉलिमर शिकवते. बाबा आजारी होते तेव्हा दर रविवारी अकोल्याला घरी जायची, ते त्यांच्या बाजेची दोरी आवळायला. दोरी नायलॉनची, मीच आणलेली. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झेपायचं नाही असं डॉक्टर म्हणाले, तरी त्यांना लोखंडी पलंग नको. "त्याच्यावर दवाखान्यातले मरतात," म्हणाले. बाज ताठ असली की आपण उठणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

सैल पडलेली बाज, विणकाम आणि पायथ्याचं लाकूड यांच्यामधली दोरी ओढून आवळायची, ही आमच्याकडची जुनीच रीत. बाबा हलवलं की कळवळायचे, म्हणून मी ते पडलेले असतानाच ओढायची. विणकाम ताणलं जायचं आणि त्यांचं अंग दोन बोटं वर यायचं.

"पाह्य वं, उठलो ना मी?"

चेहरा असा खुलायचा की मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

कारण मला माहीत होतं ना! वर्गात तेच तर शिकवते. धागा ताणला की आतल्या गुंतलेल्या लांबलांब साखळ्या ओढीच्या दिशेनं सरळ होतात, धागा ताठ होतो. तो तसाच ताणून धरला की साखळ्या हळूहळू एकमेकींवरून सरकतात आणि आतला ताण मरतो. आधी भराभर, मग सावकाश. वर माणसाचं वजन असलं तर दोरी लांबतही जाते. सरकलेल्या साखळ्या काही पुन्हा जागेवर येत नाहीत. त्यात अकोल्याचा उन्हाळा! मी अमरावतीला पोचेपर्यंत बाबा परत खाली गेलेले असायचे.

आईला हे सांगितलं तर उखडली. "तुह्या कालिजात सांग ते. इथं ढिली झाली, ओढ!"

एका रविवारी विणकाम सरकत सरकत पायथ्याच्या लाकडाला येऊन टेकलं. ओढायला जागाच उरली नाही. बाज नव्यानं विणायची तर बाबांना उचलावं लागणार, आणि आता चादर बदलली तरी ते ओरडत होते. मी दोरी धरून नुसती बसले. दोरीचा राग आला, माझ्या फुकटच्या शिक्षणाचाही आला. बाबा आता उठणार नव्हते.

"काहून थांबली वं? ओढ ना. मले उठाचं हाय."

मी लाकडाला पाय लावला, दात आवळले, मोठ्यानं "हं!" केलं. दोरी केसभरही हलली नाही.

"पाह्य," बाबा म्हणाले, "उठलो ना मी?"

"हो बाबा. आज तं लयच उठले तुमी."