दोनदा दाबलं की धोबी

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत फाटक्या पुस्तकांच्या पाठींना पट्ट्या चिकटवत बसलो होतो. फोन शाहीनबाजींचा होता. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाजी आमच्या रविवारच्या पक्षीमंडळातल्या सगळ्यात जुन्या. "सर, नाना गुजर गए," एवढंच त्या म्हणाल्या. बाकीचं मागाहून कळलं. सकाळी चहा घेऊन नाना अंगणातल्या खुर्चीत बसले, ते बसलेलेच राहिले. कपातला चहा अर्धा संपलेला होता... मी फोन ठेवला. त्या क्षणी काय वाटलं, ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय, तेव्हा आधी तेच लिहून टाकतो. दुःख नंतर आलं, आणि पुष्कळ आलं. पण मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. एक गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, ती आता एकालाच ठाऊक उरली होती. बोटांवरचा डिंक वाळून कडक झाला तरी मी तसाच बसून होतो. स्वतःची इतकी लाज मला फार कमी वेळा वाटली आहे.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. त्यामुळे पाणी सोडणारा माणूस कोण, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ असतं. नाना हे असे पाणी सोडणारे. जन्म खुलताबादच्या पुढच्या एका वस्तीवरचा, लहानपण मेंढरांच्या मागं गेलेलं, आणि मग सगळी नोकरी रस्त्याकडेच्या खड्ड्यांत उतरून व्हॉल्व फिरवण्यात. छातीइतक्या उंचीची एक लोखंडी सळई कायम त्यांच्या हातात असे. तिचं एक टोक जमिनीखालच्या पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की गळती कुठं आहे आणि पाणी कुठवर पोचलंय ते कळायचं. "पाणी यायच्या आदी लोखंड गुणगुणतंय सर," ते सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तीच सळई फिरायची काठी केली आणि ते आमच्यात आले. आले ते थेट पुढारीच झाले, कारण असा कान आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

दसरा झाला की पुढच्या रविवारपासून आमच्या फेऱ्या सुरू होतात. तेव्हा पावसाळी गवत पिवळं पडू लागलेलं असतं, सकाळी दव असतं, दुपारी मात्र ऊन नुसतं चावतं. उत्तरेकडचे पाहुणे पक्षी याच दिवसांत उतरायला लागतात. हिमायतबागेतल्या जुन्या चिंचेखाली सगळ्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, हा नानांनी घालून दिलेला रिवाज. दोन मिनिटं झाली की नाना हजेरी घ्यायचे, म्हणजे तेवढ्यात कोण कोण बोललं त्यांची नावं, मास्तरांनी घ्यावी तशी. "तांबट, हजर. बुलबुल दोन, भांडायलेत. शिंपी त्या कण्हेरीत हाय. सातभाई... आठ हायेत, नावावर जाऊ नका." नवीन माणसं आ वासून बघायची. मग शाहीनबाजी हटकून म्हणायच्या, "नाना, हमारी गल्ली में पानी कब आता, वो भी सुन के बताओ ना!" आणि नाना म्हणायचे, "रिटायर झालो बाजी. आता निस्ती पाखरं सोडतो." हा विनोद दर रविवारी व्हायचा आणि दर रविवारी आम्ही हसायचो.

मी या मंडळात आलो तो डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. डोळ्यांनी मी अधू. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की दुर्बीण डोळ्याला नीट लागत नाही. कान मात्र तिखट आहेत. पंचवीस वर्षं लायब्ररीत काढल्यावर कोणत्या टेबलावर कोण कुजबुजतंय हे मान वर न करता कळतं, तसलंच ते. बोलणं मुळात कमी, त्यामुळे मी आलो काय नि गेलो काय, कुणाच्या लक्षात येत नसे. नानांच्या ते आलं. एका रविवारी बागेच्या फाटकाबाहेर चहा घेताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, औंदा पाखरं गप का हायेत वो?"

"गप? उलट केवढा कालवा आहे, नाना."

"समोर शिंजीर बसलावता. चोच हालत व्हती..." ते थांबले. "आवाज नाय."

माझ्या चेहऱ्यावर त्यांना उत्तर दिसलं असावं. बारीक, चिरक्या आवाजाचे पक्षी त्यांच्या कानातून निघून गेले होते. जाड आवाजाचे राहिले होते. कानाचं मशीन त्यांनी लावून पाहिलं. "कावळा वरडला का सभेचा भोंगा लावल्यावानी वाटतंय," म्हणाले, आणि मशीन सुपारीच्या डबीत गेलं ते गेलंच. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका. पायपाला कान लावून पोट भरलं, सर. कानच गेला म्हणल्यावर नाना म्हणजी काय? निस्ती काठी."

तोडगाही त्यांनीच काढला. हजेरीच्या वेळी मी त्यांच्या डाव्या अंगाला उभं राहायचं आणि त्यांचं कोपर दाबायचं. एकदा दाबलं की चष्मेवाला, दोनदा दाबलं की धोबी, तीनदा दाबलं की शिंजीर. नुसता हात ठेवून राहिलो तर लिटकुरी. सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, त्यामुळे कुणाला पत्ता लागणं शक्यच नव्हतं. अशी चार वर्षं गेली. नानांची नजर घारीची आणि माझे कान शाबूत, दोघं मिळून आमचा एक धड पक्षीनिरीक्षक होत होता. त्यात धोब्याचं महत्त्व फार. काळा-पांढरा, शेपटी आपटत चालणारा हा पाहुणा आमच्याकडे याच दिवसांत येतो. उडताना 'चिझिक्, चिझिक्' करत डोक्यावरून जातो. वर्षाचा पहिला धोबी हजेरीत लागला की नाना खिशातून खडीसाखर काढून सगळ्यांना वाटायचे. "पाव्हणे आले," म्हणायचे. त्या दिवसासाठी ते वर्षभर थांबलेले असत.

लोक नानांच्या कानांचं कौतुक करायचे आणि मी चष्मा पुसायचो. मला त्याचं काही वाटत नाही, असं मला वाटायचं.

चौथ्या वर्षी पुण्याहून एक तरुण संशोधक बाई आल्या होत्या. नानांची कीर्ती ऐकून मुद्दाम आलेल्या. तीसेक माणसं जमलेली, नाना रंगात. ओळखी करून देता देता माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हे आमचे लायब्ररीवाले सर. लई गुणी माणूस. पाखरू बसलं तर ह्यांना पान दिसतंय, अन् पान हाललं तर पाखरू." सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. त्यात वाईट काहीच नव्हतं, खरंही होतं, आणि एरवी मीच हसलो असतो. पण त्या दिवशी हसू आलं नाही. ज्याच्या जिवावर ही सगळी वाहवा, त्यालाच आंधळा म्हणायचं? डोळे मिटायची वेळ झाली. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो, आणि हात खिशात घातला.

दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. चष्मेवाल्यांचा थवा चिंचेतून चिवचिवत गेला. शिंजीर बोलला. मग अगदी डोक्यावरून, वर्षाचा पहिला, 'चिझिक्, चिझिक्'... नानांचं कोपर माझ्या बरगडीला हळूच लागलं. ते विचारत होतं. मी हात काढला नाही.

नानांनी हजेरी घेतली. तांबट, बुलबुल, भारद्वाज, कावळा. मग थांबले. पुण्याच्या बाई आदबीनंच म्हणाल्या, "आणि आजोबा, धोबी? आत्ता वरून ओरडत गेला तो." नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. मला वाटलं, आता हा माणूस मला सगळ्यांदेखत सोलणार. त्यांनी सळई जमिनीत टेकवली आणि मोठ्यानं, अगदी मजेत म्हणाले, "नाय ऐकला, बाई. मला बारीक आवाज चार वर्सं झाली ऐकू येत नाय. ह्या सरांच्या कानानं ऐकायलोय मी. हे कोपर दाबून सांगतेत, मी वरडतो. आज ह्यांचा हात दुखत असंल." आणि खिशातून खडीसाखर काढून पहिला खडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "आजपास्नं हजेरी सर घेतील."

पुढचं सांगायला मला अजून अवघड जातं. नानांनी कबुली दिली स्वतःची, आणि थोर ठरलो मी. चार वर्षं या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही, केवढं मोठं मन! मंडळाच्या ग्रुपवर माझ्या नावानं जोडलेल्या हातांचा आणि फुलांचा पाऊस पडला. मोसमाच्या शेवटच्या फेरीला तर शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. शाल घालायला नानांनाच पुढे केलं होतं. ती माझ्या खांद्यावर टाकताना कानाशी हळूच म्हणाले, "घ्या सर, थंडीत कामाला येती." ती शाल मी कधी अंगावर घेतली नाही. कपाटात घडी करून होती.

सत्काराच्या आधी, त्याच दिवाळीत फराळाचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो. नानी चहा करायला आत गेल्या तसं मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी माझा हात..."

"लाडू खावा आदी," नाना म्हणाले. मग बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिले. "तुम्हाला सांगतो, एका गल्लीतली बाई मला लई वंगाळ बोललीवती. सगळ्या लोकात. पुढच्या पाळीला मी रागानं व्हॉल्व अर्धाच फिरवला. निम्म्या घरांचे हंडे रिकामे. दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्याच घरी पोरीला बघायला पाव्हणे आलेवते."

"मग?"

"मग काय. त्याच्या पुढच्या पाळीला अर्धा तास जास्त सोडलं. लोकं म्हणली, नानाला देव पावला."

"त्या बाईला सांगितलंत?"

"नाय बा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसले. "पर सांगायला पायजे व्हतं. लई दिवस त्या गल्लीतून सायकल घालवत नव्हतो मी, लांबून जायचो."

आतून नानी ओरडल्या, "अवो, सरांना खाऊ द्या की, निस्तं पाणीच पाजायलेत!" माझी कबुली तिथंच राहिली.

त्यानंतर मी हजेरी घेऊ लागलो, पण उभा राहायचो नानांच्या डाव्या अंगालाच. लपवायचं काही उरलं नव्हतं तरी कोपर दाबणं सुरूच राहिलं. मंडळी पांगल्यावर आम्ही दोघं अर्धा तास जास्त थांबायचो. मी दाबायचो, ते झाडात बघायचे. "व्हय व्हय, दिसला, त्या खालच्या फांदीला," म्हणायचे आणि मला बोट धरून दाखवायचे. मला पान दिसायचं. मी "दिसला" म्हणायचो. हेही खोटंच, पण याची मला कधी टोचणी लागली नाही.

चौदाव्याला गेलो तेव्हा नानींनी सळई आणून माझ्या हातात दिली. "ही न्या सर. मी दोडक्याच्या वेलाला लावणार व्हते, पर ते म्हणून ठेवलेवते, सरांना द्या म्हणून." घरी आणून ती शालीच्या कपाटाला टेकवून ठेवली. येता-जाता दोन्ही दिसायला लागली. मग मात्र लांबून सायकल घालवणं जमेना.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी हिमायतबागेत वीसेक जण होते. चिंचेखाली डोळे मिटून झाले. सगळे हजेरीची वाट बघत माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "त्या दिवशी माझा हात दुखत नव्हता." आणि मग सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही, इतक्या वर्षांची गोष्ट चार-पाच वाक्यांत संपली. शाहीनबाजींनी दुपट्टा सारखा केला.

"ये नाना के सामने बोलना था, सर," त्या म्हणाल्या. आवाज कडकच होता, शाळेतला.

"बोलायला गेलो होतो. त्यांनी बोलू दिलं नाही."

"हौ..." बाजी म्हणाल्या. "वो किसी को बोलने कब देते थे?" कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, बाजींनी मात्र डोळे पुसले. मी पिशवीतून शाल काढली. म्हटलं, ही परत घ्या. पण परत घेणार कोण? ती या हातातून त्या हातात गेली, आणि शेवटी बाजींनी ती झटकून दवानं ओल्या गवतावर अंथरली आणि तिच्यावर भज्यांचे पुडे सोडले. "बैठो सब. चार आदमी के काम आई शाल."

सगळे एकदम बोलत होते, भजी संपत होती, शालीवर तेलाचे डाग पडत होते. सळई माझ्या उजव्या अंगाला, नानांच्या जागी, जमिनीत रोवून उभी होती. तेवढ्यात वरून 'चिझिक्, चिझिक्' करत तो गेला. वर्षाचा पहिला. त्या गलक्यात कुणालाच ऐकू आला नाही. मी हात लांब केला आणि सळईला दोनदा बोटानं टिचकी मारली. लोखंड बारीक गुणगुणलं. मग मी खिशातली खडीसाखर काढली.