धावड्याची मोटार

यंत्राला आत्मा असतो, असं माझे भाऊजी म्हणतात. जुनं यंत्र मरत नाही, ते जाणत्या हाताची वाट पाहत नुसतं झोपलेलं असतं, हेही ते म्हणतात. हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आम्ही सिहोऱ्याजवळच्या त्यांच्या गावी, धानाच्या शेडमध्ये उभे होतो. त्यांनी ताडपत्री बाजूला केली. खाली इंग्लंडात घडलेली, दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार होती आणि चालकाच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, पण हलली नाही. जाणत्या हाताची वाट निदान ती तरी पाहत नव्हती.

"पिल्लं निघाल्याबिगर हात लावाचा नाही," ताईने दारातून सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको, आणि त्या घरात कोणतीही वस्तू इकडची तिकडे करायला जिची परवानगी लागते ती. तेव्हा एका ब्रिटिश मोटारीचं पुनरुज्जीवन पिल्लं निघेपर्यंत तहकूब झालं.

मोटार त्या घरात कशी आली याच्या अनेक कथा आहेत आणि सगळ्या भाऊजीच सांगतात. खाणीवरचा एक गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना ती भाऊजींच्या वडिलांकडे सोडून गेला, इतकंच त्यातलं खरं असावं. एका कथेत वाघ आहे, तो मी सोडून देतो. वडिलांनी ती मोटार पुढे कितीतरी वर्षांनी, एकच उन्हाळा चालवली. मग मागचा आस तुटला, ती शेडच्या कोपऱ्यात गेली, आणि पुढची सगळी वर्षं तिच्या भोवती, तिच्या वर, तिच्या आत धानाची पोती रचली गेली. त्या एका उन्हाळ्यात भाऊजी वडिलांच्या मांडीवर बसून तळ्यापर्यंत जाऊन आले होते. वडील एरवी जन्मभर बैलाच्या चालीने जगले. वडिलांना घाईत पाहिलं ते तेवढंच, असं भाऊजी एकदा म्हणाले, आणि लगेच विषय बदलून स्पार्क प्लगवर आले.

ताईला शेड हवी होती. आदल्या हंगामात मळणीनंतर अवकाळी पाऊस आला, ओसरीत ठेवलेल्या धानाला मोड आले आणि ताईने निकाल दिला. पुढचं वर्ष सोडलं, त्याच्या पुढच्या वर्षी धान घरी येईल तेव्हा मोटार शेडच्या बाहेर गेलेली असली पाहिजे. नाही तर तुमसरचा भंगारवाला.

"बाहेर म्हणजे आंगणात ठेवली तर?" भाऊजींनी विचारलं.

"ढकलून आंगणात ठेवाची अन् वर ताडपत्री झाकाची, थे नाही चालाचं. आपल्या पायानं फाटकाबाहेर गेली पायजे. नाही गेली तं लोखंडाच्या भावानं जाईन."

भाऊजी पुष्कळ बोलणारे गृहस्थ आहेत. त्या दिवशी त्यांनी टेप घेतला आणि फाटकाची रुंदी मोजली.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. मोटारीतलं मला काही कळत नाही, पण दुरुस्तीचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून शनिवारच्या एसटीने मला बोलावणं येई. पुस्तकाची शैली करारी होती. एखादा भाग सुटा कसा करावा हे पानंच्या पानं समजावून झालं की तो परत कसा बसवावा हे ते एका ओळीत उरकी: हेच उलट क्रमाने करावे. हे वाचून दाखवलं की भाऊजी बराच वेळ माझ्याकडे पाहत, जसं काही ते मीच लिहिलं होतं.

"प्रोफेसर, पुढं काय म्हणते?"

"पुढे दुसरा भाग सुटा करायचा."

सुटा करायलाही सुरुवातीला काही जमेना, कारण मोटारीच्या बोल्टला बाजारातला एकही पाना बसत नव्हता. मिलिमीटरचा सैल, इंचाचा घट्ट. मग भाऊजींना आपल्या राइस मिलमधल्या जुन्या तेल इंजिनाचे पाने आठवले. तेही इंजिन इंग्रजी घराण्याचंच. त्यातला पाना बोल्टवर 'टक्' करून बसला, ना सैल ना घट्ट. भाऊजींनी तो काढून पुन्हा बसवून पाहिला, पुन्हा 'टक्'. दूर कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी कधी काळी एक माप ठरवलं आणि तेच माप आमच्या इकडे धान भरडत राहिलं, तिकडे शर्यतीच्या मोटारी बांधत राहिलं. मी जन्मभर वर्गात शब्दांची मुळं सांगितली. दोन परके शब्द सख्खे निघाले की वर्गात अंगावर काटा येणारा मी एकटाच असे. इथे आम्ही दोघं होतो.

खरा धक्का पुढे बसला. अंगावरचा पत्रा सोडवताना भाऊजींच्या हाताला खिळे लागले. मोटारीला खिळे? पत्रा उचलला तर आत लाकूड. दारांचे खांब, पाठीचा कणा, वळणाच्या फासळ्या, सगळा सांगाडा लाकडाचा, एकमेकांत खाचा करून बसवलेला, आणि त्यावर पत्रा नुसता अंगरख्यासारखा ठोकलेला. बराचसा वाळवीने खाल्लेला होता. पण एका खांबाच्या आतल्या अंगाला, जिथे जन्मात कुणाची नजर पोचणार नव्हती, पेन्सिलीची एक रेघ आणि तिच्या टोकाला एक फुली होती. इथे कापायचं, एवढंच ती सांगत होती. कुणा इंग्रज सुताराने कानावरची पेन्सिल काढून ओढलेली. मी मोठमोठ्या इमारतींसमोर उभं राहून मनात काही न उमटलेला माणूस आहे. त्या फुलीसमोर मी चष्मा काढून पुसला.

मग गावातल्या वाढईला बोलावलं. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. हा रेंग्या बनवणारा होता, म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत धावतात त्या हलक्या दोन चाकी गाड्या. त्याने सांगाड्याभोवती चक्कर मारली, वास घेतला, बोटाने ठोकून पाहिलं.

"रेंगीच हाय न हे. बैल कोनं चोरले?"

"ही स्पोर्ट्स कार आहे," भाऊजी म्हणाले.

"तं पटातलीच झाली."

लाकूड कोणतं वापरायचं याबद्दल सल्ला द्यायला नागपूरहून जुन्या मोटारींचे एक जाणकार आले होते. मे महिन्यात चामड्याचे हातमोजे घालून. "ही गाडी नाही, हा वारसा आहे," असं त्यांनी चहाच्या आधी आणि नंतर सांगितलं. सांगाडा मूळच्याच विलायती लाकडाचा हवा, नाहीतर गाडी गाडी राहणार नाही, असं बजावून ते वातानुकूलित मोटारीने परत गेले. भाऊजी दोन रात्री झोपले नाहीत. वाढईला काहीच फरक पडला नाही. "धावडा," तो म्हणाला. "वाकते, पन मोडत नाही. कुऱ्हाडीचे दांडे काहून धावड्याचे करते लोक?"

वाढई विनम्र नव्हता. जिल्ह्यात आपल्यासारखा हात नाही हे तो न विचारता सांगे. धावड्याच्या फळ्या त्याने गावच्या तळ्यात, चिखलाखाली, वर दगड ठेवून पुरल्या आणि एक पूर्ण पावसाळा तिथेच राहू दिल्या, कारण इकडे गाडीचं लाकूड असंच मुरवतात. पाणी पिऊन रस सुटलेल्या लाकडाला मग कीड लागत नाही. इंग्लंडच्या मोटारीची हाडं शिंगाड्यांच्या वेलीखाली मुरत पडली आहेत, हे नागपूरकरांना कळवू नये असं आमचं एकमताने ठरलं. उन्हाळ्यात तळं आटलं, फळ्या निघाल्या, सावलीत वाळल्या. मग वाढईने दारांचे दोन्ही खांब डाव्या बाजूचे केले आणि आठवडाभर मोटारीला दोष दिला. "उजवीकडूनच वाकडी हाय तुमची गाडी." शेवटी एक खांब गुपचूप नवा केला आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असा चेहरा ठेवला.

पण पत्रा चढवण्याआधी तो सांगाडा उभा राहिला, तेव्हा मी शेडच्या दाराशी थबकलो. सकाळचं ऊन फटीतून येऊन फासळ्यांवर पडलं होतं. ताई धान पाखडायचं सूप हातात घेऊन आत आली आणि सूप हातातच राहिलं. एवढ्या वर्षांत तिने त्या कोपऱ्याकडे फक्त जागा मागण्यासाठीच पाहिलं होतं. ती पुढे आली, मागच्या वळणावरून तळहात फिरवला, आणि "मुलायम हाय," म्हणून निघून गेली.

दिवाळी झाली, धान कापून झालं, मळणी झाली. पत्रा चढला, तुटलेला मागचा आस नवा घडवून बसवला, इंजिन मात्र नुसतं खोकत होतं. सेल्फ मेलेला, आणि पुढून दांडा मारून चालू करताना भाऊजींचं मनगट मुरगळलेलं. एका सकाळी पोत्यांनी भरलेली ट्रॉली फाटकाशी येऊन उभी राहिली.

"भंगारवाल्याले फोन लावू का?" ताईने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. आभाळ भरून आलं होतं.

भाऊजी बोनेटवर हात ठेवून उभे होते. आजारी जनावरावर ठेवतात तसा.

तेव्हा वाढई म्हणाला, "म्या महिनाभर सांगून राहिलो, मालक. नवं लाकूड बैलाबिगर उठत नाही." इकडे नवी रेंगी पहिल्यांदा बाहेर काढतात ती बैल जुंपून आणि घरच्या बाईला आत बसवून. त्याशिवाय वाढई ती मालकाची मानत नाही. भाऊजींनी हे इतके दिवस उडवून लावलं होतं. स्पोर्ट्स कारला बैल जुंपले तर नागपूरकर काय म्हणतील? आता नागपूर फार लांब वाटत होतं.

"जुंपा," ते म्हणाले.

घरची पटाची जोडी आणली. जुवाला लांब चऱ्हाट बांधून ते मोटारीच्या पुढच्या आडव्या दांड्याला अडकवलं. ताई कुरकुरत डाव्या बाजूला बसली, मांडीवर नारळ. "आंगण पार होईस्तोवरच. मले पोते मोजाचे हायेत." भाऊजींनी चावी फिरवली आणि गिअर टाकून क्लच दाबून धरला. जाता जाता इंजिनाने पकडलं तर पकडलं, ही त्यांची शेवटची आशा. वाढई कासरा धरून पुढे झाला.

मोटार शेडमधून सरकली. आतून धावडा करकरला, अंग मोकळं केल्यासारखा. आंगणाच्या मध्यावर भाऊजींनी क्लच सोडला. एक हिसका, एक काळा धूर, आणि मग तो आवाज आला.

मी पुस्तकातून त्या इंजिनाचं सगळं वाचलेलं होतं. आवाजाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तो खोल होता, भरलेला होता, आणि शेडचे पत्रे, ट्रॉलीची साखळी, माझ्या छातीचा पिंजरा, सगळं त्याला उत्तर देत होतं. ट्रॉलीवरची माणसं उभी राहिली. 

बैल मात्र शिकलेले होते. पटात मागे गलका झाला की धावायचं, एवढंच त्यांचं शिक्षण. त्यांनी कान मागे केले आणि ते सुटले. वाढईने कासरा सोडून कुंपणात उडी मारली. फाटकातून आधी बैल, मग सैल पडलेलं चऱ्हाट, मग मोटार अशी मिरवणूक सडकेवर गेली आणि कोण कुणाला नेत आहे हे सांगणं अशक्य झालं. मोटार जवळ आली की बैल वेग वाढवत, बैलांनी वेग वाढवला की भाऊजी. ताईचा पदर सरळ मागे उडत होता. कापलेल्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, लोक कमरेवर हात ठेवून ताठ झाले. मी धावत होतो, माझ्या वयाला न शोभेल असा, आणि माझ्या ध्यानात आलं की हसावं असं इथे पुष्कळ आहे आणि मला हसू येत नाही. 

पटाचे बैल पटाचं अंतर जाणतात. तेवढं झाल्यावर, तळ्याच्या पारीजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या चढावर, ते आपोआप थांबले. भाऊजींनी चावी बंद केली आणि चढाने मोटार अलगद थांबवली, हे बरं झालं, कारण ब्रेकचे रबर नागपूरहून यायचे होते.

मी पोचलो तेव्हा भाऊजी स्टिअरिंग धरूनच बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यामुळे, ते म्हणाले. ताई सरळ समोर पाहत बसली होती. नारळ घट्ट धरलेला.

"हॉर्न काहून नाही वाजवला?" तिने विचारलं.

मागून वाढई आला आणि गाडी बैलांनीच नेली असं म्हणू लागला. भाऊजी इंजिनाची बाजू घेऊन उठले. ताईने दोघांना थांबवलं. आंगणात बैलांनी नेली, फाटकाबाहेर आपल्या पायानं गेली, भंगारवाला नको.

दुपारपर्यंत शेड धानाने छतापर्यंत भरली, संध्याकाळी पाऊस आला. मोटारीचं नवं लाकूड भिजता कामा नये, असं ताईनेच बजावलं. त्यामुळे मोटार आता गोठ्यात असते. बैल सध्या चिंचेखाली बांधतात.