शेजाऱ्याची जाळी

कळंब्याचे हे गृहस्थ पर्शियन मांजरं पाळतात आणि पिल्लाची खोट गिऱ्हाइकाला आधी सांगतात. "पावणं, हिचा डावा डोळा गळतोय. रोज पुसाय लागंल. जमत नसंल तर आत्ताच न्हाय म्हणा की." तीन महिन्यांचं झाल्याशिवाय पिल्लू देत नाहीत, आणि त्याआधी गॅलरीला जाळी बसवल्याचा फोटो मागतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मी जन्माचा आळशी. शेजाऱ्याच्या गॅलरीचा फोटो पाठवून मोकळा झालो.

रविवारी ते स्वतःच पिल्लू घेऊन आले. माझी लेक सकाळपासून दारात उभी होती. ते मात्र आधी गॅलरीत गेले. आमचा उघडा कठडा बघितला, मग शेजारची जाळी बघितली. मी चहाचं विचारलं.

ते लेकीसमोर उकिडवे बसले. "बाळ, हिची एक लस राह्यलीया. माझीच चूक झाली बघ. पुढच्या रविवारी नक्की आणतो."

लेक त्यांच्यावर रुसली. सगळ्या लसी झाल्याचं कार्ड त्यांनी दारातच माझ्याकडं दिलं होतं. ते मी पाठीमागं लपवून उभा राहिलो.