समासात लिहिलेले नाव

वाचनालयातली आमची मंडळी सांगतात, की तो लेखावरून भांडला आणि यायचा बंद झाला. हे साफ खोटे आहे. तो कधीच भांडत नसे. आलापल्लीच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आमच्या मासिकवाचनाला नेमाने येई, आमचे वाद मुकाट ऐके आणि लेखातली चूक शिसपेन्सिलीने समासात दुरुस्त करी: हा ऐन नव्हे, साग आहे, नदी गावाच्या पलीकडे आहे.

त्या दिवशीच्या लेखात जंगलातल्या चकमकीचे छायाचित्र होते. खाली छापले होते, ‘अनोळखी मृतदेह’. त्याने शेजारी एक नाव लिहिले.

“हे काऊन लिहिलं?” मी विचारले.

“अनोळखी नाई भाऊ थो. माह्या बहिणीचा पोरगा होय. थे अजून त्याची वाट पाहून राह्यली. माह्या तोंडून निघत नाई. कोणी वाचन, त तिले सांगन.”

“पोलीस इथी येतील. सगळ्यायले विचारतील.”

“येऊ द्या.”

त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि तो उठून गेला.

मंडळी असेही सांगतात, की ते नाव त्यानेच घाबरून पुसले. तेही खोटे आहे. खोडरबर माझ्या हातात होते.