जर्मनचा गंज आणि वहिनीचा उजवा डोळा

दादाचा फोन आला तेव्हा मी बादलीत शर्ट भिजवून त्याच्या कॉलरला साबण घासत होतो, आणि तो साबण वहिनीनंच केलेला होता. "बाबू, निघून ये. तुही वहिनी सकाळी उठलीच नाही..." एवढं बोलून दादानं फोन ठेवला. चिचगडकडे जाणारी बस गोंदियातून बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला आहेत. वहिनी दारात असती तर म्हणाली असती, "काऊन बाबू, उरलेल्या दोन मांगून येऊन राहिल्या का?" दारात ती नव्हती. मी चपला लपवत आत गेलो.

सयवंता वहिनीला जाऊन आता पाच आठवडे होतील. आमच्या भागात तिला ओळखायचे ते साबणवाली म्हणून. कुठल्याशा चार दिवसांच्या प्रशिक्षणातून ती कपडे धुण्याचा साबण शिकून आली आणि पुढं तिच्या घरात दुकानातली वडी कधी आली नाही. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घरचंच. आणायचा तो फक्त कॉस्टिक सोडा. पडवीबाहेर प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्यायचं, त्यात सोडा हळूहळू सोडायचा, ते तापलेलं पाणी निवू द्यायचं, मग तेलात बारीक धार धरून लाकडी दांड्यानं घोटत राहायचं. पिठल्यासारखं आळलं की लाकडी साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापून फळीवर मांडायच्या आणि महिनाभर हात लावायचा नाही. कच्च्या साबणानं हात जळतात. महिना झाला की वहिनी एक वडी उचलून जिभेच्या टोकाला लावायची. चरचरलं नाही तर म्हणायची, "झाला." चरचरलं तर थुंकून वडी परत फळीवर.

आता माझा पराक्रम. दोन हजार चारचा उन्हाळा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात मी दुसऱ्यांदा आपटलो होतो, तेही रसायनशास्त्रात, आणि दादाच्या घरी फुकटचं जेवत होतो. दादा तापट. त्यानं स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "आता एक जरी उपद्व्याप केला ना, तर आपला बिस्तरा उचलजो." म्हणून मी वहिनीच्या मर्जीत राहायचो. तिला घोटू लागायचो आणि घोटता घोटता तिलाच रसायनशास्त्र शिकवायचो. ती ऐकून घ्यायची. नापास माणसाचं बोलणं ऐकून घेणारं माणूस मिळणं सोपं नसतं.

त्या दिवशी वहिनी नाल्यावर कपडे धुवायला गेली होती, दादा शेतात. वाटलं, ती येईपर्यंत सोड्याचं पाणी तयार ठेवावं. बादली तिनं कपड्यांसाठी नेलेली. चुलीपाशी जर्मनचा गंज दिसला, म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं उभट भांडं, घासून लख्ख केलेलं. मी त्यात पाणी घेतलं आणि वर सोडा ओतला. क्रम बरोबर होता, याचा मला केवढा अभिमान! पण सोडा जर्मन खातो, हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात असेलही... मी त्या पानापर्यंत पोचलोच नव्हतो.

आधी बारीक सूंऽऽ आवाज आला. मग गंज उकळायला लागला, खाली विस्तव नसताना. करडा फेस काठाशी चढला आणि घशात बसणारी तिखट वाफ पडवीभर झाली. शहाण्या माणसानं पळून जावं. मला सुचलं की गंज उचलून अंगणात नेऊ. फडकं घेऊन मी दोन्ही काठ धरले, तोंड अगदी त्याच्यावर, आणि तेवढ्यात डोक्यावर कपड्यांची बादली घेऊन वहिनी आत आली.

"सोड! सोड ते! दूर हो!"

तिनं बादली फेकली आणि मला खांद्यानं असं ढकललं की मी भिंतीवर जाऊन आदळलो. गंज खाली पडला. उसळलेलं पाणी जिथं माझं तोंड होतं तिथं आलं, आणि तिथं आता वहिनी होती.

ती ओरडली नाही. उजव्या डोळ्यावर तळवा दाबून ती सरळ अंगणातल्या बोअरिंगपाशी गेली, मान वाकडी करून तोटीखाली बसली आणि म्हणाली, "मार हापसे." मी हापसायला लागलो. हात भरून आले. मध्येच माझ्यातला शास्त्रज्ञ पुन्हा जागा झाला. सोड्यावर उतारा आंबट! मी धावत जाऊन लिंबू कापून आणलं. वहिनीनं दुसऱ्या डोळ्यानं ते पाहिलं आणि माझ्या हातावर असा फटका मारला की लिंबू कुंपणापार गेलं. "बाबू, आता अक्कल नोको लावू. पानी पाड. मी बस म्हणतपर्यंत." तिनं बस म्हणायला अर्धा तास तरी लावला असेल. मला तो माझ्या सगळ्या परीक्षांपेक्षा लांब वाटला.

गोंदियाला जाताना बसमध्ये ओला पदर डोळ्यावर धरून ती खिडकीशी बसली होती. देवरी मागं गेल्यावर हळूच बोलली, "तुह्या दादाले सांगू नोको. माह्याच हातानं उडलं, असं म्हनू."

"कायले पण, वहिनी?"

"तो तुले घराबाहेर काढन. मंग मले घोटू कोन लागन?"

डॉक्टरांनी डोळा तपासून विचारलं, "पानी से धोया, अच्छा किया. नींबू-वींबू तो नहीं डाला?" वहिनीनं माझ्याकडं मान वळवली. "नाही जी. हमारे बाबू पढ़े-लिखे हैं."

पट्टी आठ दिवस होती. डोळा राहील की जाईल हे पट्टी निघाल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या आठ दिवसांत घरातले सगळे कपडे मी धुतले, धुतलेले परत धुतले. नवव्या दिवशी डॉक्टरांनी चांगला डोळा झाकून दोन बोटं धरली. वहिनीनं मान पुढं काढली. "तीन," ती म्हणाली. मी भिंत धरली. मग म्हणाली, "नाही नाही... दोन. भातावरच्या वाफेतून दिसावं तसं दिसून राहिलं." डोळा वाचला तो तेवढाच. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका कायमचा बसला.

पुढं तिच्याकडं गावोगावच्या बाया साबण शिकायला येऊ लागल्या. पहिला धडा ठिपक्याचाच. "हा डोरा पाहा. जर्मनच्या गंजात सोडा टाकला का असा होते." कोणी टाकला, हे तिनं कधी सांगितलं नाही. आणि दादा तिथंच बाजेवर बसून हसायचा, "वा रे मास्तरीनबाई! लोकायले शिकवते, अन् सोताचाच डोरा फोडून बसली!" तेरा वर्षं हा टोमणा चालला. मी समोर असलो तर मीही हसायचो. माझ्या सगळ्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगतो, ही एवढी सोडून.

जाण्याच्या पाच दिवस आधी वहिनीनं शेवटचा घाणा ओतला होता. दहाव्याचे कपडे धुवायला दादानं फळीवरची वडी उचलली, तेव्हा मी हात धरला. "दादा, कच्चा आहे." त्यानं वडी परत ठेवली, होती तशीच, त्याच खुणेवर.

गेल्या रविवारी महिना भरला. मी वडी जिभेला लावली. दादा बोअरिंगपाशी धोतर भिजवून वाट पाहत होता. "झाला का?" "झाला," मी म्हणालो. आणि चरचरलं नाही तरी जीभ थांबेना. गंज, धक्का, लिंबू, बस, सगळं सांगून टाकलं.

दादाचा हात पाण्यात तसाच राहिला. म्हणाला, "म्हंजे मी तिले इतके वर्स..." उठून आत गेला. आता बिस्तरा बाहेर येईल, या हिशेबानं मी चपला शोधायला लागलो. या खेपेस जोड बरोबर होता. दादा बाहेर आला तो खुंटीवरचा चष्मा घेऊन. त्या अपघातानंतर मीच गोंदियाच्या बाजारातून आणलेला, डोळे सगळीकडून झाकणारा प्लास्टिकचा चष्मा. त्याचा पट्टा तुटल्यावर वहिनीनं लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली होती.

"टोरीचं तेल डब्यात पडून हाय," दादा म्हणाला. "बांध डोर्‍याले."

चष्मा मला घट्ट होत होता. मी चिंधीची गाठ सैल करायला गेलो.

"गाठ नोको सोडू," दादा म्हणाला. "तिच्या डोक्याच्या मापाची हाय."

मी तसाच चढवला. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घेतलं, मग सोडा सोडला, आणि दादा माझ्या हातांकडं पाहत शेवटपर्यंत शेजारी उभा राहिला. संध्याकाळी गोंदियाच्या बसमध्ये कानशिलावर बोटं फिरवली, तर गाठीचा वळ अजून तिथंच होता.