गौतमकडे राहिलेला मान

सोमवारी सकाळी दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. "हिशेबनीस, आपला गौतम गेला, राव… झोपेतच," एवढंच ते बोलले आणि माझ्या हातातली झारी तशीच कलती राहिली. तुळशीच्या कुंडीतून पाणी वाहून खालच्या मजल्यावर पडू लागलं, खालून कोणीतरी ओरडलं, तेव्हा मी भानावर आलो. मला पहिलं काय आठवलं असेल, तर त्याचा चेहरा नाही. फिरत्या पंख्यावरचं एक लाल वर्तुळ आठवलं.

चाकणच्या एका कंपनीत मी कॉस्टिंगला होतो आणि गौतम मेंटेनन्सला. मशीन किती वेळ बंद राहिलं याचा हिशेब मी मांडायचा आणि ते का बंद राहिलं हे त्याने सांगायचं, त्यामुळे आमची ओळख भांडणातून झाली. तो संत तुकाराम नगरचा. वडील पिंपरीत कामगार, कायम तिसऱ्या पाळीला. कविता करतो हे त्याने मला पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. मला ते कळलं शॉनमुळे. आयर्लंडहून एक मोठं मशीन आलं होतं आणि ते बसवायला त्यांचा इंजिनिअर शॉन आला होता. उंच, लाजाळू माणूस. तो आणि गौतम बरेच दिवस त्या मशीनखाली शेजारी शेजारी आडवे असायचे. शॉनच्या गावी म्हणे आठवड्यातून एकदा पबमध्ये लोक जमतात, एकेक जण उठून कविता म्हणतो. गौतमने मशीनखालूनच विचारलं, "मग इथं कोणी अडवलंय का तुला?"

आमच्या कंपनीच्या रस्त्यावर अण्णांचं परमिट रूम आहे. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि निम्मं गिऱ्हाईक गुरुवार पाळणारं, त्यामुळे त्या संध्याकाळी वरचा हॉल रिकामाच असायचा. अण्णांनी तो आनंदाने दिला. अट एकच, काहीतरी मागवायचं. मीही गुरुवार पाळतो. दत्ताभाऊही पाळतात. शॉनने पहिल्या संध्याकाळी टेबलावरचे लिंबू-सोड्याचे ग्लास पाहिले आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे तो त्याच्या प्रत्येक पाहुण्याला मोठ्या अभिमानाने सांगायचा, जगात एकच पब असा आहे जिथे कवी शुद्धीवर असतात.

दत्ताभाऊ चाकणजवळच्या गावातले. त्यांच्या रानावर आता गोदामं उभी आहेत, भाडं येतं, आणि ते त्या रानाच्या कविता करतात. शॉनने त्याच्या गावची रीत समजावून सांगितली. ज्याने कविता म्हटली, त्याला पुढच्याचं नाव घेण्याचा अधिकार. नाव घेतलं की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि नाव घेतल्याशिवाय कोणाला उठता येत नाही. गौतमने हे मराठीत सांगितलं तसे दत्ताभाऊ खूश झाले. "म्हंजी जत्रंतला मानच हाय की ह्यो! आमच्याकडं बी मानकऱ्यानं नारळ दिल्याबिगर पालखी हालत न्हाई." तेव्हापासून त्याला आम्ही मान म्हणू लागलो. संध्याकाळ संपताना शेवटच्या माणसाने पुढच्या गुरुवारचं नाव घ्यायचं, म्हणजे साखळी तुटत नाही.

दुसरी रीत गौतमची. हॉलमधला पंखा जुना आणि खडखडणारा. गौतम भिंतीला टेकून बटणांच्या खाली बसायचा. कोणाचं नाव घेतलं गेलं, की तो मागे न बघता हात वर करून पंखा बंद करायचा. एका पात्याला त्याने लाल चिकटपट्टी लावली होती. पंखा फिरताना छतावर एक लाल कडं दिसायचं, मग ते विरत जायचं, तुटायचं, आणि शेवटी एक छोटी लाल पट्टी छताखाली स्थिर व्हायची. ती दिसली की कवीने सुरू करायचं. कारखान्यात फिरता भाग पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, तशीच शिस्त. पण त्या थांबण्याच्या वेळात खोलीत काहीतरी व्हायचं… रस्त्यावरचे कंटेनर, खालच्या मजल्यावरचं कॅरम, सगळं लांब गेल्यासारखं वाटायचं. घामाची धार मानेवरून उतरायची आणि कोणी ती पुसायचं नाही.

शॉनची कामं पुन्हा पुन्हा निघत राहिली आणि त्याच्याबरोबर, त्याच्यामागून, त्याच्या देशातले कवी येत राहिले. कोणी इंजिनिअर, कोणी नुसतेच भटकायला आलेले. एकदा ब्रिजिड नावाच्या बाई आल्या, पांढऱ्या केसांच्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी इंग्रजीत नाही, त्यांच्या जुन्या भाषेत कविता म्हटली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. शॉन अर्थ सांगायला उठला, तर गौतमने त्याला खाली बसवलं. "राहू दे. समुद्र होता त्यात." शॉनने बाईंना विचारलं. समुद्रच होता… मग बाईंनी मान गौतमला दिला, आणि त्याने ती कविता म्हटली जी आम्ही सगळे त्याच्या नावाने ओळखतो.

*तिसऱ्या पाळीचा बाप दिवसा झोपायचा,*
*आमचं बालपण चवड्यांवर गेलं.*

पुढे ती मोठी होती. दोन खोल्यांत भावंडांनी न वाजवता ठेवलेली भांडी, दारातच अडवलेला पोस्टमन, ओठांवर बोट ठेवून हसलेलं हसू. ती त्याने कधी लिहून ठेवली नाही. "लिहिली की मी विसरीन," म्हणायचा.

शेवटच्या गुरुवारी मान फिरत फिरत त्याच्याकडेच शेवटी आला. कविता झाली, पंखा पुन्हा सुरू झाला, आम्ही नावाची वाट बघत होतो. तो म्हणाला, "नाव पुढच्या गुरुवारी घेतो. आज जरा दमलोय." दत्ताभाऊ म्हणाले, "मान दाबून ठेवतोस व्हय रं?" सगळे हसलो. तोही हसला. चार दिवसांनी फोन आला.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही जमलो, पण सुरू कोणी करायचं? मान गौतमकडे होता आणि गौतम नव्हता. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. हॉल होता, माणसं होती, अण्णाही म्हणाले, "शुरू करो ना साहब." पण नाव घेतल्याशिवाय कोणी उठेना. पंखा खडखडत राहिला, लाल कडं फिरत राहिलं, सोडा पिऊन आम्ही घरी आलो. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी माणसं कमी झाली. शॉनला फोन करून विचारलं. त्यांच्याकडे असं कधी घडलं नव्हतं. मला दिसत होतं की असे आणखी थोडे गुरुवार गेले तर हे सगळं बंद पडेल, आणि गौतम दुसऱ्यांदा जाईल. शेवटी दत्ताभाऊच म्हणाले, "मानकरी गेला म्हणून मान जात न्हाई. त्यो घरात ऱ्हातो. वहिनीला इचारू."

गौतमच्या घरी शालनवहिनींनी चहा ठेवला. त्या कधी त्या हॉलमध्ये आल्या नव्हत्या. बारमध्ये कशाला, म्हणायच्या. त्यांनी गौतमचं काहीच ऐकलं नसेल, असं मी धरून चाललो होतो आणि मानाची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मला माहितीय, भाऊजी. गुरुवारी दुपारी आतल्या खोलीतला पंखा बंद व्हायचा. तो बंद झाला की मी समजायचे, आता कविता म्हणून बघणार. मग मी गॅसही बंद करायचे, कुकरची शिट्टी नको व्हायला."

"मग तुम्ही आत जाऊन नाही बसलात कधी?"

"आत गेले असते तर थांबले असते ना ते. दाराआडून ऐकायचे." त्या थोडं हसल्या. "इतकी वर्षं आमचा गुरुवारचा भात गिचका व्हायचा. कधी विचारलं नाही त्यांनी का ते."

दत्ताभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वहिनी म्हणाल्या, "नाव इथं नाही घेणार. तिथं घेईन."

गुरुवारी त्या आल्या. अण्णा जिन्यापर्यंत सामोरे आले. वहिनींनी हॉलवर एकदा नजर फिरवली आणि कोणी न दाखवताच भिंतीजवळच्या त्या खुर्चीत बसल्या. सोड्याचा ग्लास समोर आला, तो त्यांनी थोडा बाजूला सरकवला.

"ते कोणाचं नाव घेणार होते, मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "घरी बोलले नव्हते. मी माझ्या मनाने घेते." आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

मी आयुष्यात कविता केलेली नाही. गौतमने इतक्या वर्षांत मला कधी मान दिला नव्हता. ऐकणारा एक तरी पाहिजे, म्हणायचा. मी वहिनींना तसं सांगणार होतो, पण त्यांनी मागे न बघता हात वर केला होता. बोटांना बटण बरोबर सापडलं. खडखड उतरली. लाल कडं विरलं, तुटलं, हळूहळू त्याचे तुकडे डोक्यावरून जाऊ लागले… रस्ता लांब गेला. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या, दाराआड बसावं तशा.

लाल पट्टी थांबली. मी उभा राहिलो आणि जे होतं तेच सांगायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो…